विषाणू आणि सजीवत्वाची कसोटी

पेशीबाहेर असताना विषाणू श्वसन करीत नाही, अन्न घेत नाही, वाढत नाही आणि स्वतःची प्रतही काढत नाही. तोच विषाणू योग्य पेशीत शिरला की काही तासांत त्याच्या शेकडो-हजारो प्रती तयार होतात. त्या प्रतींत फेरबदल होतात आणि फेरबदलांतून नवे वाण निपजतात. पहिली अवस्था पाहणारा त्याला रासायनिक पदार्थ म्हणतो, दुसरी पाहणारा त्याला जीव म्हणतो. विषाणू सजीव आहेत की नाहीत हा वाद या दोन अवस्थांतून उद्भवला आहे. तो सोडवायचा तर विषाणूची माहिती जितकी हवी तितकीच ‘सजीव’ कशाला म्हणायचे याविषयीची स्पष्टताही हवी. म्हणून या व्याख्यानात आधी शोधांचा इतिहास, मग पेशीतील विषाणूचे कार्य, त्यानंतर सजीवत्वाच्या कसोट्या आणि अखेरीस दोन्ही पक्षांची बाजू व निष्कर्ष असा क्रम ठेवला आहे.

१. गाळणीतून पार होणारे रोगकारण

विषाणूंचा शोध तंबाखूच्या शेतात लागला. तंबाखूच्या पानांवर फिकट-गडद ठिपक्यांची नक्षी उमटवणारा मोझॅक रोग रोगट पानांच्या रसातून निरोगी झाडाला लागतो, हे नेदरलँड्समधील वागेनिंगेन येथे काम करणाऱ्या अडोल्फ मायर यांनी १८८६ मध्ये दाखवले. १८९२ मध्ये रशियात दिमित्री इव्हानोव्स्की यांनी असा रस चेंबरलँड गाळणीतून गाळला. या चिनीमातीच्या गाळणीत जीवाणू अडकून राहतात. तरीही गाळलेला रस रोग उत्पन्न करीत राहिला. जीवाणूचे विष रसात उतरले असावे किंवा अतिसूक्ष्म जीवाणू पार झाले असावेत, असे इव्हानोव्स्की यांना वाटले.

डेल्फ्ट येथील मार्टिनस बायेरिंक यांनी १८९८ मध्ये पुढचे पाऊल टाकले. गाळलेला रस एका झाडाला टोचावा, त्या झाडाचा रस दुसऱ्याला आणि दुसऱ्याचा तिसऱ्याला टोचावा, तरी रोगाची तीव्रता घटत नव्हती. विष असते तर प्रत्येक वेळी ते विरळ होत गेले असते. अर्थात रोगकारण झाडात वाढत होते, आणि तेही केवळ झाडाच्या वाढत्या, कोवळ्या भागांत. पोषक आगरवर त्याची वाढ होत नव्हती. यावरून हे एक ‘जिवंत संसर्गी द्रव’ असल्याचा निष्कर्ष बायेरिंक यांनी काढला. द्रवाची कल्पना पुढे चुकीची ठरली, पण जिवंत पेशीशिवाय हा घटक वाढत नाही हे त्यांचे निरीक्षण आजही विषाणूच्या व्याख्येचा पाया आहे. त्याच वर्षी जर्मनीत फ्रिडरिख लोफ्लर आणि पॉल फ्रॉश यांनी जनावरांच्या लाळ्या-खुरकूत रोगाचे कारणही असेच गाळणीपार असल्याचे सिद्ध केले. १९१५ मध्ये फ्रेडरिक ट्वॉर्ट आणि १९१७ मध्ये फेलिक्स देरेल यांनी जीवाणूंचा नाश करणारे विषाणू शोधले. देरेल त्यांना जीवाणूंवर जगणारे परजीवी मानत. या काळात विषाणू म्हणजे सर्वांत लहान जीव, अशीच सर्वसाधारण समजूत होती.

२. स्फटिक आणि रसायन

ही समजूत १९३५ मध्ये हादरली. अमेरिकेतील रॉकफेलर संस्थेच्या प्रिन्स्टन येथील प्रयोगशाळेत वेंडेल स्टॅन्ली यांनी रोगट तंबाखूच्या रसातून मोझॅक विषाणू शुद्ध करून त्याचे सुईसारखे स्फटिक मिळवले. ते पाण्यात विरघळवून पानावर चोळले की रोग पुन्हा उद्भवे. स्फटिक हे मीठ-साखरेसारख्या पदार्थांचे लक्षण, असे मानणाऱ्यांना हा मोठा धक्का होता. १९४६ मध्ये स्टॅन्ली यांना रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. सुरुवातीला त्यांनी विषाणू म्हणजे निव्वळ प्रथिन असे म्हटले होते. फ्रेडरिक बॉडन आणि नॉर्मन पिरी यांनी लवकरच त्यात सुमारे पाच टक्के आरएनए असल्याचे दाखवले. आनुवंशिक माहिती वाहणारा हाच तो भाग, हे कळायला मात्र आणखी वीस वर्षे लागली.

आज या विषाणूची रचना बारकाव्यानिशी माहीत आहे. सुमारे ३०० नॅनोमीटर लांब आणि १८ नॅनोमीटर जाड दंडगोल, त्यात एकाच प्रथिनाचे सुमारे २,१३० रेणू आणि त्यांच्या मळसूत्री रचनेत गुंडाळलेला सुमारे ६,४०० न्यूक्लिओटाइडांचा आरएनएचा एक धागा. १९५५ मध्ये बर्कली येथे हाइन्ट्स फ्रेंकेल-कॉनरॅट आणि रॉब्ली विल्यम्स यांनी हे प्रथिन आणि आरएनए वेगळे केले व पुन्हा एकत्र मिसळले. दंडगोल आपोआप जुळून आला आणि तो संसर्गक्षम होता. १९९१ मध्ये एकार्ड विमर यांच्या गटाने फोडलेल्या पेशींच्या अर्कात, म्हणजे एकही अखंड पेशी नसताना, पोलिओचा विषाणू तयार केला. २००२ मध्ये याच गटाने सुमारे साडेसात हजार न्यूक्लिओटाइडांचा क्रम रासायनिक द्रव्यांपासून जुळवून त्यावरून संसर्गक्षम पोलिओ विषाणू मिळवला. सुटे भाग जुळवून अशी एकही जिवंत पेशी आजवर तयार झालेली नाही.

विषाणू निर्जीव आहेत असे या प्रयोगांवरून सिद्ध झाले का? स्फटिक बनण्याचा अर्थ एवढाच की सर्व कण आकाराने व घडणीने सारखे आहेत. पेशीतील प्रथिने बनवणाऱ्या रायबोसोमांचेही स्फटिक बनतात. त्यांच्या अभ्यासासाठी व्यंकटरामन रामकृष्णन, थॉमस स्टाइट्झ आणि अॅडा योनाथ यांना २००९ चे नोबेल मिळाले. म्हणून काही रायबोसोम जीवनाबाहेरची वस्तू ठरत नाही. स्टॅन्ली यांच्या प्रयोगाने विषाणूचा कण रसायनशास्त्राच्या कक्षेत आणला. कण पेशीत गेल्यावर काय होते, हा प्रश्न त्यामुळे सुटला नाही.

३. पेशीच्या आत

पेशीतील घडामोडी समजण्यासाठी महाराष्ट्रात सापडलेल्या एका विषाणूचे उदाहरण घेता येते. पुण्यात १९५२ मध्ये विषाणू संशोधन केंद्र स्थापन झाले. तेच आजची राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था. या केंद्रातील संशोधकांना १९६५ मध्ये नागपूरजवळच्या चांदीपुरा येथील तापाच्या रुग्णांत एक नवा विषाणू आढळला. गावावरून त्याचे नाव चांदीपुरा विषाणू पडले. तो वाळूमाशीमार्फत पसरतो. २००३ मध्ये आंध्र प्रदेश आणि महाराष्ट्रात मुलांना झालेल्या मेंदूज्वराच्या मोठ्या उद्रेकाशी त्याचा संबंध जोडला गेला.

चांदीपुरा विषाणूचा कण बंदुकीच्या गोळीच्या आकाराचा असतो. त्यात सुमारे ११,००० न्यूक्लिओटाइडांचा आरएनएचा एकेरी धागा असून त्यावर फक्त पाच जनुके आहेत. कणाबाहेरचे प्रथिन पेशीच्या पृष्ठभागाला चिकटते आणि पेशी त्या कणाला आवरणात वेढून आत घेते. आतील आम्लतेमुळे विषाणूचे आवरण पेशीच्या पटलात मिसळते व आरएनए पेशीद्रव्यात मोकळा होतो. हा धागा ऋण जातीचा असल्याने पेशीचे रायबोसोम तो थेट वाचू शकत नाहीत. म्हणून आरएनएची प्रत काढणारा पॉलिमरेझ हा एन्झाइम कणाने सोबत आणलेला असतो. तो वाचता येतील अशा प्रती काढतो, पेशीचे रायबोसोम त्यांवरून पाच प्रथिने बनवतात, पुढे संपूर्ण धाग्याच्या प्रती निघतात आणि नवे कण पेशीच्या पटलाचा तुकडा अंगावर घेऊन बाहेर पडतात. ऊर्जा, कच्चा माल आणि रायबोसोम हे सारे पेशीचे असते. काय घडवायचे याचा आदेश विषाणूचा असतो.

या प्रक्रियेतील एक टप्पा विशेष महत्त्वाचा आहे. संसर्गानंतर काही काळ पेशी फोडून पाहिली तर तिच्यात एकही संसर्गक्षम कण सापडत नाही. आत गेलेला कण सुटा झालेला असतो आणि नवे कण अजून जुळलेले नसतात. जीवाणू वाढून दुभंगतो आणि एकाचे दोन होतात. त्याच्या अस्तित्वात कुठेही खंड पडत नाही. विषाणू मात्र प्रत्येक पिढीत पूर्णपणे विस्कटतो आणि सुट्या भागांतून नव्याने जुळतो. दोन पिढ्यांना जोडणारा दुवा माहितीचा असतो, शरीराचा नसतो. विषाणू आणि पेशी यांच्यातील हा मूलभूत फरक आहे.

४. सजीवत्वाच्या कसोट्या

शालेय पाठ्यपुस्तकांत सजीवांची लक्षणे सांगितलेली असतात: पेशीमय रचना, चयापचय, वाढ, प्रजनन, चेतनाक्षमता, आनुवंशिकता, परिस्थितीशी अनुकूलन. यांतील पहिली तीन विषाणूत नाहीत. प्रजनन आहे, पण स्वतःच्या बळावर नाही. आनुवंशिकता आणि अनुकूलन मात्र पूर्णांशाने आहे. यादी लावून निवाडा करायला गेले की तो असा अर्धवट राहतो. प्रजनन ही अट काटेकोर धरली तर वांझ खेचरही निर्जीव ठरेल.

परावलंबन ही कसोटीही पुरी पडत नाही. स्क्रब टायफसचा जीवाणू यजमान पेशीबाहेर वाढू शकत नाही; क्लॅमिडियाचेही तसेच. तरी त्यांना कोणी निर्जीव म्हणत नाही. कारण यजमानाकडून पोषण घेत असले तरी त्यांची पटले व रायबोसोम स्वतःची असतात, स्वतःची प्रथिने ते स्वतः बनवतात आणि वाढून दुभंगतात. विषाणूचे परावलंबन याहून खोलवरचे आहे, कारण प्रथिने बनवण्याची यंत्रणाच त्याच्याकडे नाही.

यादीऐवजी एकाच मुख्य लक्षणावर भर देणाऱ्या व्याख्या दोन प्रकारच्या आहेत. पहिलीनुसार बाहेरून ऊर्जा व द्रव्य घेऊन स्वतःला टिकवणारी, स्वतःची सीमा राखणारी व्यवस्था म्हणजे सजीव. या व्याख्येत विषाणू बसत नाही. दुसरीत उत्क्रांतीला प्रधान स्थान आहे: आनुवंशिक माहितीच्या प्रती निघणे, प्रतींत चुका होणे आणि नैसर्गिक निवडीने त्यांतील काही टिकणे. इथे विषाणू पूर्ण गुणांनी उत्तीर्ण होतात. इन्फ्लुएंझाची लस वारंवार बदलावी लागते, आणि कोविड साथीत २०२० च्या अखेरीस भारतात प्रथम नोंदलेला डेल्टा हा प्रकार काही महिन्यांत जगभर पसरला. नासाशी संबंधित शास्त्रज्ञांनी १९९४ मध्ये सुचवलेली व्याख्या या दोन्ही बाजू एकत्र आणते. स्वतःला टिकवून धरणारी आणि डार्विनने वर्णिलेल्या पद्धतीने उत्क्रांत होऊ शकणारी रासायनिक व्यवस्था म्हणजे जीवन, असा तिचा आशय आहे. तिची दुसरी अट विषाणू पुरी करतो. पहिली तो पेशीच्या आधाराने पुरी करतो.

उत्क्रांतीची कसोटी एकटीच वापरली तर काय होते, हे सोल स्पीगलमन यांच्या १९६७ च्या प्रयोगातून दिसते. जीवाणूच्या एका विषाणूचा आरएनए, त्याची प्रत काढणारा एन्झाइम आणि न्यूक्लिओटाइड एवढेच परीक्षानळीत ठेवून त्यांनी प्रती निघू दिल्या आणि त्यांतील थोड्या प्रती पुढच्या नळीत टाकत गेले. सत्तरहून अधिक फेऱ्यांनंतर आरएनएचा सुमारे पाच षष्ठांश भाग गळून गेला. लहान धाग्याची प्रत लवकर निघते, म्हणून लहान धागेच निवडले गेले. त्यांची संसर्गक्षमता नाहीशी झाली होती. नैसर्गिक निवड इथे स्पष्टपणे घडली, पण नळीतील त्या आरएनएला सजीव म्हणायला कोणीही धजावणार नाही. तात्पर्य, उत्क्रांतीची क्षमता जीवनासाठी आवश्यक असली तरी ती एकटी पुरेशी नाही.

५. महाकाय विषाणू

विषाणू म्हणजे मूठभर जनुकांची पुडी, ही समजूत एकविसाव्या शतकाच्या आरंभी मोडली. इंग्लंडमधील ब्रॅडफर्ड शहरात १९९२ मध्ये न्यूमोनियाच्या उद्रेकाचे कारण शोधताना एका शीतकरण मनोऱ्याच्या पाण्यातील अमीबात एक सूक्ष्मजीव आढळला. साध्या सूक्ष्मदर्शकातून दिसण्याइतका तो मोठा असल्याने त्याला जीवाणू मानले गेले. २००३ मध्ये फ्रान्समधील मार्सेय येथील संशोधकांनी तो विषाणू असल्याचे दाखवून त्याला मिमिव्हायरस हे नाव दिले. त्याच्या जनुकसंचात सुमारे ११.८ लाख बेसजोड्या आणि हजाराच्या आसपास जनुके निघाली. मायकोप्लाझ्मा जेनिटॅलियम या जीवाणूचा जनुकसंच सुमारे ५.८ लाख बेसजोड्यांचा, म्हणजे याच्या निम्माच आहे. २०१३ मध्ये पँडोराव्हायरसाने सुमारे २५ लाख बेसजोड्यांपर्यंत मजल मारली. मुंबईतही असे विषाणू आहेत. आयआयटी मुंबईतील किरण कोंडाबागिल यांच्या गटाने शहराच्या सांडपाण्यातून आणि पवई तलावातून महाकाय विषाणू मिळवून २०१६ मध्ये त्यांचे जनुकसंच प्रसिद्ध केले.

या विषाणूंत प्रथिननिर्मितीशी संबंधित काही जनुकेही आढळली. २०१८ मध्ये ब्राझीलमधून वर्णन झालेल्या टुपॅनव्हायरसात वीसही अमिनो आम्लांना आरएनएशी जोडणारे एन्झाइम घडवणारी जनुके आहेत. २००८ मध्ये महाकाय विषाणूच्या आश्रयाने वाढणारा आणि त्याच्या वाढीत अडथळा आणणारा स्पुटनिक हा छोटा विषाणू सापडला. विषाणूलाच विषाणूचा उपद्रव होत असेल तर त्याला केवळ रसायन कसे म्हणावे, असा प्रश्न त्यातून पुढे आला. त्याआधी, २००५ मध्ये, इटलीतील पोत्झुओली येथील उष्ण झऱ्यातला एक विषाणू वर्णिला गेला होता. पेशीतून बाहेर पडताना तो लिंबाच्या आकाराचा असतो आणि पेशीबाहेर, सुमारे ८५ अंश सेल्सियस तापमानात, त्याला दोन शेपट्या फुटतात.

तरीही एक सीमा अभेद्य राहिली. कोणत्याही विषाणूत स्वतःचा रायबोसोम सापडलेला नाही. महाकाय विषाणू हे ऱ्हास पावलेल्या प्राचीन पेशींचे अवशेष असावेत, असे काहींनी सुचवले. परंतु त्यांच्या प्रथिननिर्मितीच्या जनुकांची वंशावळ तपासली असता ती वेगवेगळ्या यजमानांकडून वेगवेगळ्या वेळी उचललेली दिसतात. लहान विषाणूंनी जनुके गोळा करत आकार वाढवला, या मताला त्यामुळे बळ मिळते.

६. दोन पक्ष

विषाणूंना सजीव न मानणाऱ्यांची भक्कम मांडणी २००९ मध्ये डेव्हिड मोरेरा आणि प्युरिफिकासियोन लोपेझ-गार्सिया यांनी केली. त्यांच्या मते विषाणू स्वतः उत्क्रांत होत नाहीत, पेशी त्यांना उत्क्रांत करतात, कारण प्रती काढण्याचे काम पेशीत आणि पेशीच्या साधनांनी होते. शिवाय सर्व विषाणूंत समान असे एकही जनुक नाही. जीवाणू, आर्किया आणि केंद्रकधारी जीव या तिन्ही शाखा रायबोसोममधील आरएनएच्या आधारे एका वृक्षावर बसवता येतात. विषाणूंना तिथे जागा नाही. आंतरराष्ट्रीय वर्गीकरण समितीही विषाणूंची विभागणी अनेक स्वतंत्र सर्वोच्च गटांत करते, म्हणजे त्यांचा एकच पूर्वज गृहीत धरत नाही.

दुसऱ्या पक्षाचे म्हणणे असे की कणालाच विषाणू समजणे ही मूळ चूक आहे. विषाणूचे खरे जीवन पेशीत घडते, ही कल्पना क्लॉडियू बांदेआ यांनी १९८३ मध्ये मांडली आणि पुढे झाँ-मिशेल क्लाव्हेरी व पॅट्रिक फोर्टेर यांनी ती विकसित केली. फोर्टेर यांच्या मते संसर्ग झालेली पेशी पूर्वीची पेशी राहत नाही, ती ‘विषाणुपेशी’ बनते. तिचे चयापचय आता विषाणूच्या प्रती काढण्यासाठी चालते. झाडाचे जीवन बीवरून जोखत नाहीत, तसे विषाणूचे कणावरून जोखू नये. २०१७ मध्ये या मताला ठोस आधार मिळाला. स्यूडोमोनास जीवाणूवर जगणारा एक विषाणू पेशीत प्रथिनांचे कवच उभारून त्यात आपला डीएनए ठेवतो, आणि प्रथिने बाहेर बनून आत नेली जातात. ही मांडणी केंद्रकाची आठवण करून देते. त्याच वर्षी असेही दिसले की बॅसिलस जीवाणूंचे काही विषाणू सहा अमिनो आम्लांच्या एका छोट्या रेणूद्वारे एकमेकांना संदेश देतात आणि त्यानुसार पेशी फोडायची की तिच्यात सुप्त राहायचे हे ठरते. फोर्टेर आणि दिदिए राऊ यांनी २००८ मध्ये जीवसृष्टीची दोन भागांत विभागणी सुचवली: रायबोसोम घडवणारे जीव आणि कवच घडवणारे जीव.

दोन्ही पक्षांत तथ्य आहे आणि दोघांच्याही मतात उणीव आहे. प्रती काढण्याची साधने पेशीची असतात हे खरे, पण कोणती प्रत टिकणार हे विषाणूच्या जनुकांवर अवलंबून असते. उत्परिवर्तनाचा लाभ विषाणूच्या वंशाला होतो, पेशीच्या नव्हे; म्हणून पेशीच विषाणूला उत्क्रांत करते हे म्हणणे टिकत नाही. उलट विषाणुपेशीच्या कल्पनेत सजीवत्व मुळात पेशीकडूनच येते. बीमध्ये नव्या झाडाची स्वतःची पेशीयंत्रणा आणि रायबोसोम असतात. विषाणूच्या कणात ते नसतात. म्हणून बीचा दृष्टांत अर्ध्या वाटेपर्यंतच साथ देतो.

७. निष्कर्ष

या सर्व माहितीवरून तीन पातळ्या वेगळ्या कराव्या लागतात. पहिली पातळी कणाची. पेशीबाहेरचा कण सजीव नाही. त्यात चयापचय नाही, आणि त्याची जुळणी रासायनिक नियमांनी नळीतही होते. दुसरी पातळी संसर्ग झालेल्या पेशीची. ती सजीव आहे, आणि तिच्यात चालणाऱ्या विषाणूच्या क्रिया या जीवनाच्याच क्रिया आहेत. तिसरी पातळी वंशाची. विषाणूचा वंश जनुके वाहतो, बदलतो, विस्तारतो, नामशेषही होतो. उत्क्रांतीच्या इतिहासात तो पेशींच्या वंशांइतकाच खरा सहभागी आहे. ‘विषाणू सजीव आहे का?’ या प्रश्नाला एकच उत्तर मिळत नाही, कारण प्रश्न विचारणारा यांपैकी कोणत्या पातळीविषयी बोलतो हे स्पष्ट नसते. पातळी निश्चित केली की उत्तर निश्चित होते: विषाणू हा स्वतंत्र सजीव नाही, पण सजीव सृष्टीचा अविभाज्य घटक आहे.

या निष्कर्षाने शेजारच्या घटकांची जागाही ठरते. बटाट्याच्या रोगातून थिओडोर डीनर यांनी १९७१ मध्ये ओळखलेला व्हायरॉइड म्हणजे ३५९ न्यूक्लिओटाइडांचे उघडे आरएनए वलय. त्यावर एकाही प्रथिनाचे जनुक नाही. प्रायॉन या संसर्गी प्रथिनात तर केंद्रकाम्लच नाही. जनुकसंचात एका जागेवरून दुसरीकडे सरकणारे डीएनएचे तुकडे पेशीच्या आतच राहतात. स्वतःचे कवच घडवून पेशीपासून पेशीपर्यंत प्रवास करण्याची क्षमता या सर्वांपासून विषाणूला वेगळे करते.

निष्कर्षाचे महत्त्व व्यवहारातही आहे. पेशीबाहेरच्या कणाला नष्ट करायला त्याची रचना मोडणे पुरते; साबणाने मेदयुक्त आवरण विरघळले की करोना विषाणू निकामी होतो. जीवाणूंच्या पेशीभित्तिकेवर किंवा रायबोसोमांवर काम करणारी प्रतिजैविके विषाणूवर निष्प्रभ ठरतात, कारण त्याच्याकडे यांतले काहीच नाही. विषाणुरोधक औषधे बहुतांशी पेशीतील त्याच्या क्रियांवर घाला घालतात: असायक्लोव्हिर नागिणीच्या विषाणूचे डीएनए बनवणे थांबवते, तर एचआयव्हीवरील अनेक औषधे आरएनएवरून डीएनए बनवणारा एन्झाइम अडवतात.

जीवसृष्टीच्या जडणघडणीतही विषाणूंचा वाटा मोठा आहे. पृथ्वीवरील विषाणूकणांची संख्या एकावर एकतीस शून्ये इतकी असल्याचा अंदाज आहे. समुद्रातील सूक्ष्मजीवांच्या एकूण जैवभाराचा सुमारे पाचवा हिस्सा ते रोज नष्ट करतात आणि त्यातील पोषकद्रव्ये पाण्यात परत आणतात. मानवी जनुकसंचाचा सुमारे आठ टक्के भाग प्राचीन रेट्रोव्हायरसांपासून आलेला आहे. त्यातील एका जनुकापासून बनणारे सिन्सिटिन हे प्रथिन वारेतील पेशींना एकत्र जोडते आणि गर्भाच्या पोषणात भाग घेते. जे घटक सजीवांच्या शरीरात, वंशात आणि परिसंस्थेत इतके खोल रुजले आहेत, त्यांना जीवशास्त्राच्या बाहेर ठेवून जीवनाचे कोणतेही वर्णन पूर्ण होत नाही. त्यामुळे पेशी हा जीवनाचा मूलभूत घटक मानावा आणि विषाणू हे पेशींच्या आधाराने उत्क्रांत होणारे, स्वतःचे कवच घडवणारे जैव घटक मानावेत, ही भूमिका आजच्या ज्ञानाशी सर्वाधिक सुसंगत आहे.